ग्राउंडवर मांडव

रविवार, संध्याकाळ

आज पुन्हा बमरोलीच्या ग्राउंडवरून फुटबॉलची मॅच न बघताच परतलो. तिथं लग्नाचा मांडव. मॅच रद्द झाल्याचं क्लबने कळवायला नको? सकाळी क्लबच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गुड मॉर्निंगचं गुलाबाचं चित्र तेवढं आलं. तिथं फक्त क्लबवालेच लिहू शकतात, आपल्याला काही विचारताही येत नाही.

कारखान्यात शेजारच्या लूमवर कापड विणणारा सुकलाल सोबत होता. मांडवाबाहेर बसून जुन्या फायनलची आठवण काढली. तेव्हा टीममध्ये आपलेच कारागीर. कारखान्याच्या खडखडाटात बोलतो तसे मैदानातून आम्हाला हाताच्या खुणेनेच सांगत होते, थांबा, गोल होतोय. झालाही होता. आता गुलाब.

"आपले पोरं परत खेळतीन का रे भो?" मी विचारलं.

डीजे वाजत होता. सुकलालने कारखान्यातली रोजचीच खूण केली. धागा संपला, लूम बंद.