समेटाचा चहा

प्रिय आये,

आज डहाणूच्या कोर्टात माझी साक्ष झाली. घरी आले, पाय धुतले आणि सवयीनं तुला हाक मारायला तोंड उघडलं. मग आठवलं, तू नाहीस. म्हणून लिहायला बसले. बाकी सगळ्यांना सांगून झालंय, पण तुला सांगितल्याशिवाय पुरं झाल्यासारखं वाटत नाही.

तू गेल्यावरचं आहे हे. अच्छाडला हायवेवर माझी चहाची गाडी आहे ना, तिच्या बाजूलाच केशवशेठच्या महेशनं ढाबा टाकला. ट्रकवाले माझ्याकडे थांबतात हे त्याला खुपायला लागलं. आधी म्हणाला, गाडी हलव. मी नाही हलवली. एका संध्याकाळी त्यानं येऊन शेगडी उलटवली, आणि मी आडवी आले तेव्हा दांडक्यानं तोंडावर मारलं. जबडा मोडला गं माझा.

त्याचा बाप तुला आठवतो? कसा विसरशील म्हणा. पाणी आधी कोण भरणार एवढ्यावरून त्यानंच तुला विहिरीवर ढकललं होतं. तुझं उजवं मनगट तेव्हापासून वाकडंच राहिलं. भाकरी तू डाव्या हातानं थापायचीस आणि ती एका बाजूला जाड व्हायची. मी नाक मुरडलं की म्हणायचीस, "जाड बाजू तुझी."

तेव्हा आपल्याकडे समेटाचा चहा झाला होता. मी लहान होते, पण बघितलंय सगळं. मारणाऱ्याच्या घरची माणसं दूध-साखर घेऊन मार खाल्लेल्याच्या दारात येतात आणि त्याच्याच चुलीवर चहा करतात. त्यानं एक घोट घेतला की भांडण मिटलं, पुन्हा नाव काढायचं नाही. आपल्या गावची रीतच ती. तू घोट घेतलास. का घेतलास आये? कोंबडीवरून शेजारणीशी आठवडाभर अबोला धरणारी तू, आणि मोडक्या हातानं निमूट तो कप धरलास! मला त्याचा राग होता. खूप वर्षं होता.

तो राग गेला दवाखान्यात. तुझा जावई डॉक्टरांना म्हणाला, "पडली." घाबरला होता बिचारा, त्या घराशी वैर कोण घेणार? तिथं मेघाताई म्हणून एक बाई बसतात, मार खाऊन आलेल्या बायकांशी बोलायला, त्यांना मदत करायला. त्यांनी त्याला गोळ्या आणायला पिटाळलं आणि माझा हात हातात घेतला. माझा जबडा तारेनं बांधलेला, बोलू कशी? त्या म्हणाल्या, "खरं असेल तर माझं बोट दाब." पडलीस का? मी दाबलं नाही. कोणी मारलं का? एवढ्या जोरात दाबलं की त्या कळवळल्या. पोलीसबाईंना माझ्या खाटेपाशी त्यांनीच आणलं, वकीलबाईंशी गाठही त्यांनीच घालून दिली. तेव्हा मला कळलं, तुझ्या वेळी असं बोट पुढे करणारं कोणीच नव्हतं. तुझ्यापुढे फक्त तो कप होता.

माझ्यापुढेही तो आलाच. जबड्याच्या तारा अजून निघायच्या होत्या, पोटात जाई ते पातळच. महेशची आई, शांताकाकी, दुधाची बरणी घेऊन दारात. बरोबर दामूकाका आणि गावातली आणखी माणसं. माझ्याच गॅसवर चहा केला आणि कप माझ्या हातात दिला. "पातलच चालतं ना तुला? मंग चाय घे. आपली आपली मानसं, कशाला कोरटात जायाचं?" जावई कानाशी पुटपुटला, "घे ना, सुटू यातून." मी उठले, बाहेर ओट्याच्या कडेला गेले आणि चहा शेवग्याच्या झाडाच्या बुडाशी ओतला. कप विसळून काकीच्या हातात ठेवला. कप आपलाच होता, तरी ती घेऊन गेली.

जावई त्या दिवशी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र मेघाताईंकडे जायला त्यानं न सांगता मोटरसायकल काढली. तेव्हापासून एकही तारीख त्यानं चुकवलेली नाही.

मी मात्र चहाच सोडला. हसू नकोस. दिवसभर दुसऱ्यांना उकळून द्यायचा आणि आपण पाणी प्यायचं. कुठं एक घोट घेतला आणि गावानं उठवलं, घेतला हो सुनंदानं समेटाचा, तर?

गाडी पुन्हा लावायलाही हात धजत नव्हता. मेघाताई म्हणाल्या, "भीती जायची वाट बघत बसू नकोस, तिला घेऊनच चल." पहिल्या दिवशी त्या स्वतः माझ्या बाकड्यावर संध्याकाळपर्यंत बसल्या. चहा पिऊन पिऊन त्यांना पित्त झालं. ट्रकवाले त्यांना माझी सासू समजले.

आणि आज साक्ष. महेशच्या वकिलानं विचारलं, "घरची माणसं आली, चहा झाला, वाद मिटला. बरोबर?" वाद मिटला असं सांगायला त्यांचे साक्षीदार म्हणून दामूकाका बाहेर बसलेच होते. मी म्हटलं, "चहा झाला साहेब. मी प्यायले नाही. तेव्हापासून कोणाचाच प्यायले नाही."

जजबाईंनी मान वर केली. "तुम्ही तर चहा विकता ना?"

"विकते. पीत नाही."

त्यांनी ते उतरवून घ्यायला सांगितलं. जबडा अजून कटकट वाजतो गं, पण आज एकही शब्द अडकला नाही. निकाल लागायचाय. लागेल तेव्हा लागेल. महेशला समोर उभं राहून सगळं ऐकावं लागलं, आणि मी त्याच्याकडे बघूनच बोलले.

मी प्यायले नाही हे आता कोर्टाच्या कागदावर आहे, म्हणून आत्ता चहा केलाय. गवती चहा घालून, साखर जरा जास्त, तुझ्यासारखा. दोन कप ओतलेत. तुझ्यावरचा राग संपला, हेही आजच सांगून टाकते.

आणि एक शब्द देते. यापुढे गावात जिच्या दारात अशी दुधाची बरणी येईल, तिच्या शेजारी मी जाऊन बसेन. माझं बोट तिच्या हातात देईन. पुढ्यातला कप गार होईपर्यंत उठणार नाही.

जाड बाजू खाऊन वाढलेली,
तुझी सुनंदा