पेपरात न आलेलं वाक्य

आई, तुला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायचा तर मला आधी कांद्याचा वास आठवावा लागतो. वास आला की मागोमाग कांदाचाळीची सावली येते, मग सालपटं उडायला लागतात, गुलाबी, पातळ, खाली पडायची जराही घाई नसलेली, आणि मग कुठूनतरी तू वाचायला लागतेस. दुपारचं ऊन चाळीच्या फटींतून तुझ्या पेपरावर पट्ट्यापट्ट्यांनी पडलंय. तुझं बोट ओळीखालून सरकतंय. आठ-दहा बाया पात कापताहेत, आणि तू एखाद्या जोडाक्षरापाशी अडलीस की त्यांचे विळेही थांबतात. हे मी झोपेत बघते की जागेपणी, ते हल्ली मला नीट सांगता येत नाही. कॅमेरा सुरू व्हायच्या आधी मी मिनिटभर डोळे मिटते, तेवढ्यातही तू येऊन जातेस.

कॅमेरा कसला, ते तुला सांगायला हवं. मी आता बातम्या वाचते. शिरूरला एका दुकानावर दोन खोल्या आहेत, भिंतीला हिरवा कपडा लावलाय, त्याच्यासमोर बसून मी तालुक्यातलं काय काय सांगते आणि लोक ते मोबाइलवर बघतात. केंदूरपासून मांडवगण फराट्यापर्यंत बघतात, नदीपलीकडं दौंडकडचेही बघतात. अंगात कोट असतो, टेबलाखाली पायांत स्लिपर. तू बघितलं असतंस तर म्हणाली असतीस, ‘वरनं साहेबीण आन् खालनं कांदेवाली.’ आणि तू म्हणालेलं मला चाललंही असतं.

तू वाचायला शिकलीस ती बौद्धवस्तीतल्या अंगणवाडीच्या बाईंकडून. साक्षरतेचा वर्ग त्या देवळामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये घ्यायच्या. बाकीच्या बाया चार दिवस जाऊन कंटाळल्या, तू मात्र पावसाळाभर गेलीस, पाटी पदराखाली झाकून. पुढं मी शिरूरच्या कॉलेजात जायला लागले आणि येताना रोज एसटी स्टँडवरून पेपर आणू लागले. तो पेपर येता येता बसमध्ये माझा वाचून झालेला असायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी तू तोच चाळीत वाचायचीस, आणि संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावातल्या चुलींपाशी ‘पेपरात आलंय’ पोचलेलं असायचं. घरच्या गड्यांचं बायांनी ऐकलं नसतं एवढं तुझं ऐकलं जायचं.

मग ती निवडणूक आली. सरपंचपद बाईसाठी राखीव झालं होतं. एकीकडं आपल्याच भावकीतल्या, थोरल्या घरच्या काकू, तुझी चुलत जाऊ. त्यांना उभं राहायचंच नव्हतं, काकांनी अर्ज पुढं केला आणि त्यांनी अंगठा दिला. दुसरीकडं तुझ्या अंगणवाडीच्या बाई. मतदानाचं मशीन गावात नवं होतं, आणि काकांच्या माणसांनी आवई उठवली की बटण दाबलं की बोटाचा ठसा आत राहतो, कुणी कुठं दाबलं ते नंतर कळतं. बाया घाबरल्या. त्या दुपारी तू पेपर उघडलास, बोट ठेवलंस आणि वाचलंस, ‘तहसीलदारसाहेब सांगत्यात, मशीनीला बोट वळखू येत न्हाई. ज्याचं मत त्याच्यापाशी.’ मी शेजारीच बसले होते. तुझं बोट मोटारपंपाच्या जाहिरातीवर होतं. मला हसू आलं, अभिमानही वाटला, कारण गोष्ट तर खरीच होती. मला वाटतं, तूही मनात हसली असशील, आणि त्या हसण्यातूनच पुढचं सुचलं असेल.

दुसऱ्या दिवशी तू शिरूर-दौंडचं पान काढलंस. त्या पानावर दौंड स्टेशनला गाडीला थांबा द्या म्हणून कुणीतरी निवेदन दिल्याची बातमी होती, फोटोसकट. तू वाचलंस, ‘आपल्या थोरल्या घरच्या बाई म्हणाल्या, कांदं कापणाऱ्या बायांच्या मतावर कुठं गाव चालतंय व्हय?’ विळे थांबले. एकीनं नुसता पदर झटकला आणि पुन्हा कांदा हातात घेतला. अंगणवाडीच्या बाई अकरा मतांनी निवडून आल्या. माझं पहिलं मत त्या अकरांत होतं, आणि ते मी पुन्हाही त्यांनाच देईन. त्यांनी गाव चांगलं चालवलं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

निकालानंतर तिसऱ्या दिवशी काकू आल्या. मला अजून त्या दिसतात, उंबऱ्याच्या बाहेर उभ्या, डोक्यावरचा पदर हातानं धरलेला. तू भाकरी थापत होतीस. त्या म्हणाल्या, ‘अगं, मी असं बोलले न्हाई. कुठल्या पेपरात आलं, तेवढं मला दाव.’ तू मान वर न करता म्हणालीस, ‘चुलीत गेला पेपर, जाऊबाई.’ पेपर फळीवर डब्यांखाली अंथरलेला होता, दौंडचं स्टेशन दिसत होतं. काकूंनी तिकडं बघितलं असेल, पण त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. ‘तू कालिजात जातीस, तू समदं वाचतीस. आलं व्हतं का गं?’

मी म्हटलं, ‘हो काकू. आलं होतं.’

त्यानंतर तू चाळीत कधी पेपर वाचला नाहीस. बाया मागं लागल्या की म्हणायचीस, डोळ्यांना दिसंना. मी शिरूरहून तुला चष्मा आणला. तो घालून तू फक्त तांदूळ निवडलेस. त्या दिवसाबद्दल तू मला काही विचारलं नाहीस, रागावलीही नाहीस. रागावली असतीस तर बरं झालं असतं.

हे सगळं आज का काढलं, तर परवा मी काकूंकडं जाऊन आले. काका गेले. मुलानं सणसवाडीत जागा घेऊन कंपनीतल्या लोकांसाठी भाड्याच्या खोल्या बांधल्यात, काकू वरच्या मजल्यावर असतात. खालच्या बिहारी बाया त्यांना दादी म्हणतात. त्यांच्यातली एक रोज मोबाइल घेऊन वर येते, ‘दादी, आपकी वाली आ गयी,’ म्हणते आणि माझ्या बातम्या लावून देते. माझी एकही बातमी काकूंनी चुकवलेली नाही म्हणे.

आता झालंय असं की मतदानाच्या आदल्या दिवशी कुणीतरी माझा चेहरा आणि माझा आवाज उचलून मशीनकडून एक बातमी वाचून घेतली. पंचायत समितीला उभ्या असलेल्या एका बाईंनी माघार घेतली, अशी. मी ती कधीच वाचली नव्हती. पण हिरव्या कपड्यापुढं मीच बसलेय, कोट माझा, शब्दावर जोर द्यायची लकबही माझी. ती बघताना मला वाटलं की मी झोपेत वाचली की काय. दुपारपर्यंत ती घराघरांत पोचली. आम्ही खुलासा केला, तो कोण बघतं. त्या बाई पडल्या. काकूंचं मत त्यांनाच जायचं होतं, माघार घेतली म्हणून काकू मतदानाला गेल्याच नाहीत.

म्हणून मी त्यांना सांगायला गेले. पायऱ्या चढताना माझ्या तोंडात त्यांचंच वाक्य होतं. ‘काकू, मी असं बोलले नव्हते.’ त्यांनी मला जवळ बसवलं, मोबाइल काढायला लावला, क्लिप पुन्हा बघितली. मग म्हणाल्या, ‘तूच हाईस की गं. पर तू न्हाई म्हणतीस म्हंजी न्हाई.’ एवढंच. मला पुरावा मागितला नाही.

चहा आला. खिडकीतून कंपन्यांची पत्र्याची छपरं दिसत होती, त्यांवरचं ऊन पांढरं झालं होतं. काकू बशी हातात धरून त्याच्याकडं बघत राहिल्या आणि स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, ‘मला बी तवा वाटलं व्हतं, मी न्हाई बोलले. पर तू म्हणालीस आलं व्हतं. तू काय खोटं बोलणार व्हतीस? मग म्हटलं, बोलले बी असंन. ह्यांनी जलमभर ऐकवलं, तुझ्या तोंडानं सरपंचकी घालवली म्हणून. मी बी कवा उलटून बोलले न्हाई. आजून इचार करत्ये, कुठं बोलले असंन गं मी तसं? कुणाफुडं?’

मी चहा संपवला. माझ्या मोबाइलमधली ती क्लिप पुसून टाकली, आणि एक मोठं काम केल्यासारखी खाली आले.

आई, एवढी वर्षं मी स्वतःला सांगत आले की मी तुला वाचवायला तसं म्हटलं. तसं नाही. तू मला खोटं बोल म्हणाली नव्हतीस, तू तर भाकरीवरून मानही वर केली नव्हतीस. मी ‘हो’ म्हटलं आणि काकूंचा चेहरा लगेच पडला, माझ्या दोन शब्दांनी. त्या एका क्षणी मला बरं वाटलं होतं. आपण म्हटलं की ते खरं होतं, याचं बरं वाटलं होतं. कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला की अजून थोडं तसंच वाटतं.

हे पत्र खरं तर काकूंना लिहायला हवं. तुला लिहिलं, कारण तू काही उठून विचारायची नाहीस. त्यांना लिहिलं तर त्या ते हातात घेऊन उलटंसुलटं बघतील, आणि मग वाचून दाखव म्हणून माझ्याच हातात देतील.