वाट पाहिली म्हणून

ती. आईंना,
नमस्कार.

ओवीने आज मेतकूट-भात मागून खाल्ला. पोट दुखत नाही म्हणते. उद्या घरी सोडतील.

त्या दिवशी डॉक्टरांनी ऑपरेशन नको म्हटल्यावर तुम्ही तडक खडकीला वन्संकडे निघून गेलात. जाताना म्हणालात, "श्यामच्या वेळीही बघू, बघू म्हणाले होते. मला दुसऱ्यांदा बघायचं नाही." केदार कधीतरी सांगतो, श्याम, तुमचा थोरला, अपेंडिक्स फुटून गेला तेव्हा ओवीएवढाच होता.

ओवीचं दुखणंही तिथेच, उजवीकडे. पण सीटी स्कॅनमध्ये अपेंडिक्स चांगलं दिसलं. आतड्यांवर चरबीचा पदर असतो, त्याच्या एका तुकड्याचा रक्तपुरवठा थांबला होता. डॉक्टर म्हणाले, हे बहुतेक आपोआप बरं होतं. दुखणं कमी करायचं औषध देऊ, लक्ष ठेवू. ताप चढला किंवा दुखणं वाढलं तर मात्र ऑपरेशन करू. केदार हो म्हणाला आणि सारखा तिच्या कपाळाला हात लावून बघत बसला. तुमचाच मुलगा तो.

मला राग आला होता तुमचा. नात इथे कळवळतेय आणि आजी रिक्षात. आता नाही.

ओवी बरी आहे, हे कळवायलाच बसले होते. पण वाट पाहिली म्हणून बरी झाली, हे तुम्हाला कोणत्या शब्दांत लिहू? तुम्हीही वाटच पाहिली होतीत.

पत्र राहू दे. केदार तुम्हाला न्यायला निघालाय. ओवी आजी कुठे आहे विचारतेय, एवढंच तो सांगेल.

तुमची सून,
वल्लरी