बंद करण्याचं खातं

३ फेब्रुवारी, सोमवार

चिरंजीवांनी यंत्र आणून बसवलं. चहाच्या डब्याएवढं आहे. तोंडाने सांगायचं, ते दिवे, पंखे, गिझर बंद करतं. चिरंजीवांचं म्हणणं, बाबांच्या गुडघ्यांना उठबस नको. यंत्राला फक्त इंग्रजी कळतं. म्हणजे या घरात ते माझ्याशिवाय कुणाच्या उपयोगाचं नाही. अख्खं आयुष्य वीज कंपनीच्या पत्रव्यवहार विभागात काढलं. कनेक्शन तोडण्याच्या इंग्रजी नोटिसा लिहिण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. हिचं इंग्रजी शाळेबरोबर सुटलं. हिला हळूहळू शिकवावं लागेल. संकल्प: शिकवताना चिडायचं नाही.

यंत्राला हाक मारायला एक नाव ठेवावं लागतं. मी विचार करत होतो, तेवढ्यात हिने ‘राजा’ ठेवून टाकलं.

संध्याकाळी

खणखणीत आवाजात म्हणालो, राजा, द सीलिंग फॅन शॅल स्टँड डिस्कनेक्टेड फोर्थविथ. ते म्हणालं, सॉरी, समजलं नाही. मसुद्यात चूक नव्हती. यंत्र कमी शिकलेलं दिसतं. मग हिने चिरंजीवांना काहीतरी विचारलं आणि म्हणाली, राजा, टर्न ऑफ द फॅन. पंखा थांबला. यंत्र ‘ओके’ म्हणालं. भारदस्त पुरुषी आवाज. ही खुदकन हसली. नवशिक्याचं नशीब, दुसरं काय.

४ फेब्रुवारी, मंगळवार

टर्न म्हणजे वळणे. पंखा बंद करायला वळायचं कुठे? हे हिला नीट समजावून सांगितलं. म्हणाली, बंद होतोय ना, मग झालं.

नावाची चौकशी केली. राजा हे हिच्या माहेरच्या कुत्र्याचं नाव निघालं. जीव भांड्यात पडला. दुपारी सहज विचारलं, कसा होता कुत्रा. ही चहा गार होईपर्यंत त्याच्याबद्दल बोलत होती. शेवटी डोळ्यांत पाणी. विचारायला नको होतं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

एक गोष्ट इथे नोंदवून ठेवतो, दुसरीकडे बोलण्यासारखी नाही. रिटायर झाल्यापासून घरातलं एकच खातं माझ्याकडे होतं. बंद करण्याचं. अहो, गिझर बंद करा. अहो, बाहेरचा दिवा तसाच राहिलाय. अहो, टीव्ही कोण बघतंय. मी कुरकुरत उठायचो. कुरकुर कामाचाच भाग होती. आज दिवसभरात एकदाही ‘अहो’ नाही. राजा मात्र सारखा. आणि काय तो मऊ आवाज! शेवटी मीच विचारलं, काही बंद करायचंय का. म्हणाली, नको, तुम्ही बसा, राजा आहे ना.

मला मत्सर वाटत नाही. डब्याचा मत्सर कोण करेल? घशाशी येतंय ते पित्त आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार

दुपारी डोळा लागल्याचं सोंग करून ऐकलं. ही मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्याला शब्द विचारत होती. दिवा टर्न ऑफ किंवा स्विच ऑफ. कॉम्प्युटर शट डाउन. मेणबत्ती ब्लो आउट. आग पुट आउट. भिंतीतली पिन उपटायची ती अनप्लग. एकेक शब्द ही त्याच्यामागून म्हणत होती. चुकली की ते न रागावता पुन्हा सांगायचं. शेवटी, थँक यू राजा!

लग्नानंतर मीही हिला इंग्रजी शिकवायला घेतलं होतं. तिसऱ्या धड्याला ही रडली. ते पुस्तकच वाईट होतं.

संकल्प: उद्यापासून डिक्शनरी. आठवडाभरात यंत्र माझ्या मुठीत.

९ फेब्रुवारी, रविवार

डिक्शनरी सापडली. चष्मा सापडला नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

राजा, एक्स्टिंग्विश द लॅम्प. नाही. राजा, डिसकंटिन्यू द टेलिव्हिजन. नाही. राजा, काइंडली डू द नीडफुल. यावर ते गाणंच लावून बसलं. ते गाणंही हिलाच बंद करावं लागलं.

‘टर्न ऑफ’ मी म्हणणार नाही. ते हिचं वाक्य आहे. दुसऱ्याच्या मसुद्यावर मी कधी सही केलेली नाही.

शेजारच्या वहिनी आल्या. हिने बसल्या जागेवरून सगळं घर बंद करून दाखवलं. वहिनी म्हणाल्या, किती ऐकतो हो तुमचा राजा! आणि माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहायचं काय कारण होतं?

११ फेब्रुवारी, मंगळवार

निर्णय झाला. कनेक्शन तोडणे. ही दिवसभर बहिणीकडे गेली आहे. आधी सूचना द्यावी असा नियम, तो पाळला. म्हणालो, राजा, अनप्लग युवरसेल्फ. ते म्हणालं, ते मला करता येत नाही. खुर्चीला चिकटलेले आमचे एक साहेब असंच म्हणायचे.

त्याची पिन फ्रिजच्या मागे आहे. गुडघा वाकत नाही, म्हणून अंदाजाने हात घालून ओढली. यंत्राचा दिवा चालूच. फ्रिज गेला. पिन परत घालायला हात पोचेना. पेपर वाचत बसलो. फ्रिजलाही विश्रांती हवी.

संध्याकाळी

दूध नासलं. फरशीवर तळं. मी सुचवलं, राजाने बंद केला असेल. हिने तिथल्या तिथे त्याला इंग्रजीत विचारलं. ते म्हणालं, फ्रिज नावाचं काही माझ्याकडे दिलेलं नाही. माझ्याच घरात माझ्याविरुद्ध साक्ष! हिने फ्रिज ओढून मागची पिन लावली आणि खाली बसून फरशी पुसून काढली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

लिहूनच टाकतो. वाटतो मत्सर. जळतो मी त्या डब्यावर. त्याला गुडघे नाहीत, तो कुरकुरत नाही, त्याने हिला कधी रडवलेलं नाही. दिवसभर गॅलरीत बसून होतो. जेवायलाही मन लागलं नाही. ही दोनदा येऊन बघून गेली.

नंतर: वरचा मजकूर खोडत नाही, पानं खराब दिसतात. पित्ताच्या गोळ्यांनी माणूस हळवा होतो, असं वाचलंय कुठेतरी.

संकल्प: उद्या ‘टर्न ऑफ’ म्हणायचं. थोडं झुकण्यात मोठेपणा असतो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

विजय! सकाळी ही दाराजवळच्या बोर्डापाशी उभी राहून कपड्यांच्या घड्या घालत होती. मी खुर्चीत, नजर पेपरात. हुकूम देताना समोरच्याकडे पाहायचं नसतं. आवाज जरा मऊ ठेवला. राजा, प्लीज टर्न ऑफ द फॅन. क्षणभर काही नाही. मग पंखा थांबला! ते ‘ओके’ म्हणालं नाही. धाक बसला असावा.

मग काय, सपाटाच लावला. हॉलमधला दिवा, टीव्ही, आतल्या खोलीतला पंखा. काही दिवे तर बंद करण्यासाठी म्हणून लावून घेतले. ही हातातलं काम टाकून माझ्या मागे मागे प्रत्येक खोलीत येत होती. कौतुक चेहऱ्यावर लपत नव्हतं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

राजा, यू मे नाऊ स्विच ऑफ द गिझर, प्लीज. झाला. प्रत्येक वेळी प्लीज म्हणतो. हाताखालच्यांशी गोडीने वागावं, असं माझं पहिल्यापासूनचं मत आहे.

ही जरा दमलेली दिसते. वय झालं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

चिरंजीवांना अभिनंदनाची संधी द्यावी म्हणून फोन केला. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, बाबा, माझ्या फोनवर तर यंत्र बुधवार संध्याकाळपासून बंद दिसतंय. मी हसलो. हसत हसत उठून यंत्रापाशी गेलो. वायर गुंडाळून, पिनेसकट, त्याच्या मागे नीट ठेवलेली.

हिला विचारलं. म्हणाली, बुधवारीच काढून ठेवलं. तुमचं त्याच्याशी पटत नव्हतं आणि तुमचं उतरलेलं तोंड मला बघवत नव्हतं. मग पंखा कुणी बंद केला? मी. टीव्ही? मी. गिझर? गिझरही मीच, भाजी गॅसवर सोडून पळत गेले. मी विचारलं, मग तेव्हाच सांगितलं का नाही. म्हणाली, जन्मात पहिल्यांदा प्लीज म्हणत होता तुम्ही, कुणीतरी ऐकायला नको का?

वही उघडली. हाक मी राजाला मारत होतो आणि ओ ही देत होती. कालच हिला दमल्याबद्दल वयाचं कारण लिहून ठेवलंय, तेही पान आता खोडता येत नाही.

एक मात्र सिद्ध झालं. माझं इंग्रजी अचूक आहे. हिला शब्दन् शब्द कळला.