दुसऱ्या पानापासून

४ जानेवारी
झाला एकदाचा विषय मंजूर! ‘शाळेसमोरचा सिग्नल म्हाताऱ्या माणसांना पुरतो का?’ विषय माझा, घड्याळ माझं, उभं राहून दुखणारे पायही माझेच. सर म्हणाले, शोधनिबंध टाइप करून हवा. समास, पान क्रमांक, संदर्भ — सगळं नियमात. सर समास खरोखर मोजपट्टीने मोजतात, म्हणून वर्गात त्यांचं नाव मोजपट्टी.
वर म्हणाले, "तुला काय अवघड? ताईला विचार."
मुळीच विचारणार नाही! या शाळेत मी आजवर फक्त ‘तिची धाकटी’ आहे. हा निबंध माझ्या नावाचा. बस्स.

९ जानेवारी
ताई म्हणाली, "आण इकडे, पाच मिनिटांत लावून देते."
"हात लावायचा नाही!" मी ओरडलेच.
आई कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "डावीकडे जागा जास्त सोड गं. बाइंडिंगमध्ये अक्षरं आत जातात." आईला कुठून काय सुचतं, देव जाणे! पण सोडली.

१३ जानेवारी
तक्ता पानाबाहेर पळाला. ओढून आत घेतला तर पान क्रमांक गायब! रडले नाही. जवळजवळ.

१४ जानेवारी
ताई बाहेर गेली तेव्हा तिच्या जुन्या निबंधाची फाईल उघडली. तिचा मजकूर पुसला, माझा ओतला. सगळं कसं जागच्या जागी! ही काही चोरी नाही — भांडं तिचं, भाजी माझी. पहिल्या पानावरचं नाव बदललं आणि दहादा वाचलं. काय छान दिसतं माझं नाव!

१६ जानेवारी
दिला! सरांनी पहिल्या पानावर मोजपट्टी ठेवली. "दीड इंच. शाबास." दिवसभर मान ताठ.

२३ जानेवारी
पहिला आला!! शाळेतर्फे प्रदर्शनात जाणार! सरांनी त्यातला उतारा वर्गात वाचला आणि मोठ्या कौतुकाने नाव घेतलं — ताईचं.
वर्ग फिदीफिदी हसला. सरांनी पानं माझ्यासमोर धरली. दुसऱ्या पानापासून प्रत्येक पानाच्या माथ्यावर, बारीक अक्षरात, ताईचं नाव! आणि मी शहाणी पहिलंच पान वाचत बसले होते. कान नुसते तापले.
सर म्हणाले, "काम तुझंच आहे. सिग्नलपाशी तुला उन्हात उभं राहिलेलं पाहिलंय मी. उद्या नीट करून आण."
घरी ताईला सांगितलं. वाटलं, आता वर्षभर टोमणे. ती पोट धरून हसायला लागली. "अगं, माझंही असंच झालं होतं! देण्याआधी सापडलं, एवढंच. माझ्या पानांवर आईचं नाव होतं."
"आईचं?"
"मग मला ती फाईल कुठून मिळाली? आई शिक्षिका व्हायला शिकत होती ना. तू झालीस आणि ते राहिलं."
मला हे कुणी सांगितलंच नव्हतं! आई लाजल्यासारखी झाली. "निबंध अर्धाच राहिला. समास तेवढे चोख होते." तिचा विषय — मुलं वर्गात प्रश्न विचारणं कधी सोडतात.
"मग पूर्ण कर की!" मी म्हटलं. ती ओटा पुसायला लागली.
मग ताईने शेजारी बसून माथ्यावरचं नाव कसं बदलायचं ते दाखवलं. हात मात्र लावला नाही. आता पानापानावर मी. आणि समास आईचा. खरं सांगू? त्या दीड इंचाचा मला पहिल्या नंबराहून जास्त अभिमान वाटतोय.

२ फेब्रुवारी
शाळेतून आले तर आई संगणकापाशी बसलेली. चष्मा नाकावर, पडद्यावर तिचा निबंध. मी मागून वाकले. "आई, ओळींमधलं अंतर जरा —"
"हात लावायचा नाही!"