चालू अपडेटचा प्लग

बाबा,

सर्व्हर घेऊन दुरुस्तीवाल्याकडे जातेय. जेवण झाकून ठेवलंय, वेळेवर जेवा.

प्लगवर मी ठळक अक्षरांत चिकटवलं होतं, ‘अपडेट चालू आहे, हात लावू नका.’ तुम्ही ते वाचलंत आणि तरीही इस्त्रीसाठी प्लग उपटलात! यंत्राने जागं कसं व्हायचं ते फर्मवेअर सांगतं. ते अर्धवटच चढलं, आता यंत्र डोळाच उघडत नाही. वर आत्याला फोनवर सांगितलंत, “भंगार उचलून आणलंय, पोरीला काही येत नाही.” अहो, वापरलेलं असलं तरी ठणठणीत होतं ते! सकाळी त्याचे सुटे भाग चालवणारे चारही प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, मीच टाकले, पहिल्याच खेपेला बसले. तुम्ही विचारलंसुद्धा नाहीत.

उभा जन्म कारखान्यात लेथवर काढलात. चालत्या लेथचा खटका कुणी असा पाडला असता, तर त्याची सालटी काढली असतीत. मला मात्र म्हणालात, “एवढं काय त्यात?”

दुरुस्तीवाला फोनवर म्हणाला, फर्मवेअरची चिप पुन्हा लिहिता येईल. मी त्याला बजावलंय, “तुम्ही फक्त दाखवा, लिहीन मीच.”

बघायचं असेल तर या. बाजारामागच्या गल्लीत दुसरं दुकान. पण माझ्या शेजारी गप्प बसायचं.