दुसऱ्या मजल्यापर्यंत किल्ली

३ जानेवारी
लेकीला बीजगणितात चाळीसपैकी नऊ. वर्गसमीकरणांना तिने हातच लावला नाही. विचारलं तर म्हणते, याचा उपयोग काय? प्रश्न रास्त आहे. उद्यापासून मी शिकवणार, क्लास बंद. ही काही बोलली नाही, म्हणजे पटलं असणार.

५ जानेवारी
काल पाठ आखडली होती. आज पुस्तक चाळलं. सोपं आहे. वर फेकलेल्या वस्तूची उंची म्हणजे वर्गसमीकरणच की! प्रात्यक्षिक ठरलं: मी अंगणातून घराची किल्ली फेकायची, लेकीने आमच्या दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत झेलायची. वेग सेकंदाला पंधरा मीटर धरला. माझा हात पहिल्यापासून जोरकस. उत्तरं दोन आली: एक किल्ली वर जातानाचं, एक खाली येतानाचं. म्हणजे झेलायला दोन संधी. आनंदाने बसवेना. घरभर फेऱ्या मारल्या.

८ जानेवारी, सकाळ
किल्ली पहिल्या मजल्यावरच्या वकीलबाईंच्या पत्र्यावर. वारा होता.

दुपार
पुन्हा पत्र्यावर. वारा नव्हता. चपला बदलायला हव्यात. वकीलबाईंनी विचारलं, जिन्याने जायला काय होतं? विज्ञानाची आवडच नाही लोकांना.

९ जानेवारी
लेकीने माझ्या फेकीचा व्हिडिओ काढला. किल्ली सेकंदभरच वर जाते, म्हणजे वेग पंधरा नव्हे, दहा, असं तिचं म्हणणं. मग वहीत काहीतरी खरडून म्हणाली, "बाबा, विवेचक ऋण येतोय, म्हणजे समीकरणाला उत्तरच नाही. किल्ली गॅलरीपर्यंत पोचणारच नाही."
गणितात इतकं निराश होऊन चालत नाही, असं मी समजावलं. उद्यापासून रोज जोर काढणार.

१० जानेवारी
पहिल्याच जोराला पाठ.

१३ जानेवारी
लेक परवापासून पुन्हा क्लासला जातेय. हिने परस्पर ठरवलं. मला आज कळलं. हरकत नाही, पाया माझा आहे.

२४ जानेवारी
चाचणीत चाळीसपैकी एकतीस! वर फेकलेला चेंडू गच्चीपर्यंत पोचेल का, असा प्रश्नच होता. जेवताना मी सहज विचारलं, माझ्या प्रात्यक्षिकाचा उपयोग झाला ना?
"खूप झाला," लेक म्हणाली. "चेंडू तुम्ही फेकताय असं डोळ्यांसमोर आणलं. विवेचक काढायच्या आधीच उत्तर कळलं."
ही आणि लेक दोघी हसल्या. मग मीही हसलो, जरा उशिरा.